तिसऱ्यांतल्या व्हिब्रिओची बाह्यपटल प्रथिनं: उकळलेला आणि न उकळलेला नमुना

गोव्यातल्या झुआरी नदीच्या तिसऱ्यांतून वेगळा केलेला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू ३ टक्के मीठ घातलेल्या माध्यमात वाढवायचा. मिठाशिवाय तो वाढतच नाही. पेशी बर्फात ठेवून सोनिकेटरने (ध्वनिलहरींच्या यंत्राने) फोडा: १० सेकंद चालू, २० बंद. प्रोबचं टोक द्रवाच्या पृष्ठभागाशी राहिलं की फेस येतो आणि प्रथिनं बिघडतात. सेंट्रिफ्यूजमध्ये ५,००० जी वर (गुरुत्वाच्या ५,००० पट बळाने) फिरवून न फुटलेल्या पेशी काढून टाका. वरच्या द्रवात २ टक्के सार्कोसिल हा डिटर्जंट घालून अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा. आतलं पटल विरघळतं, बाहेरचं टिकतं. मग १,००,००० जी वर तासभर फिरवा. तळाशी काचेसारखा, जेमतेम दिसणारा थर बसतो. घाईत ओतलं की तोच जातो. पावसाळ्यात वीज गेली तर फेरी पुन्हा पूर्ण करा.

प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या १२ टक्के एसडीएस जेलवर या थराचा प्रत्येक नमुना दोनदा चढवा, एक ३७ अंशांवर ठेवलेला, एक ५ मिनिटं उकळलेला. ही पायरी गाळू नका, खरी ओळख इथेच पटते. पोरिनचं (बाह्यपटलात छिद्र करणाऱ्या प्रथिनाचं) त्रिकूट न उकळता वर अडकतं, उकळल्यावर सुटून साधारण ३५ किलोडाल्टनला उतरतं. शेजारी तुलनेसाठी ई. कोलाय जिवाणूचं ओम्पए हे बाह्यपटल प्रथिन ठेवा. ते उलट वागतं, उकळल्यावर २८ वरून ३५ वर चढतं. पोटॅशियमचं बफर मात्र टाळाच, त्यात जेलमधला एसडीएस हा डिटर्जंट पांढरा साका धरतो.