नूतनीकरणाच्या पानावरचे दोन भाव

लेखनासाठी वापरत असलेल्या एका सॉफ्टवेअरचे वार्षिक सबस्क्रिप्शन संपत आल्याची मेल गेल्या महिन्यात आली. तिच्यातल्या लिंकवरून पैसे भरण्याचे पान उघडले, तेव्हा कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे आपली इंटरनेट जोडणी दुसऱ्याच देशातून आल्यासारखी दाखवू शकणारी सोय, चुकून सुरूच राहिले होते. पानावर परक्या चलनात रक्कम दिसली आणि हिशेब करून पाहिला, तर ती मी गेल्या वर्षी भरलेल्या रकमेच्या जेमतेम निम्मी निघाली. व्हीपीएन बंद करून पान पुन्हा उघडल्यावर जुनाच भाव, वर थोडी वाढ घेऊन, समोर हजर झाला.

मोह झाला, हे कबूल करतो. व्हीपीएन परत सुरू केले आणि कार्डाचा क्रमांक टाकू लागलो. सगळे आकडे टाकून होण्याआधीच रक्कम बदलून माझ्या देशाच्या भावावर आली. कार्ड कोणत्या देशातल्या कोणत्या बँकेने दिले आहे, हे त्याच्या पहिल्या सहा ते आठ आकड्यांवरूनच कळते, त्यामुळे उरलेले आकडे येईपर्यंत थांबण्याची त्या पानाला गरजच नव्हती.

ग्राहक कुठला, हे ठरवण्यासाठी विक्रेत्याकडे आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), बिलाचा पत्ता, कार्ड आणि खात्यात नोंदवलेला देश अशा अनेक खुणा असतात. त्या केवळ भावासाठी गोळा केल्या जातात असेही नाही. युरोपीय संघात 1 जानेवारी 2015 पासून डिजिटल सेवांवरचा मूल्यवर्धित कर ग्राहकाच्या देशातील दराने आकारावा लागतो. शिवाय युरोपात किंमत करासह दाखवतात आणि अमेरिकेत बहुधा विक्रीकर वगळून, त्यामुळे दोन देशांच्या आकड्यांमधली काही तफावत निव्वळ कराची असते. हंगेरीत तर हा कर 27 टक्के आहे.

कर वजा करूनही जो फरक उरतो, त्याला अर्थशास्त्रात जुने नाव आहे. आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये किंमत-भेदाचे तीन प्रकार मांडले. त्यांतला तिसरा, म्हणजे ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा भाव लावणे, सॉफ्टवेअरला चपखल बसतो. आणखी एक प्रत देण्याचा खर्च नगण्य असल्यामुळे, जिथे उत्पन्न कमी आहे तिथे निम्म्या भावात विकूनही कंपनीला नफाच होतो. यात मला अन्याय दिसत नाही. तिथला विद्यार्थी पूर्ण भाव भरूच शकला नसता, आणि त्याला स्वस्तात मिळाले म्हणून माझ्या खिशातून काही गेले नाही.

मात्र हाच न्याय सगळीकडे लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियातील ग्राहकांना तेच सॉफ्टवेअर अमेरिकेपेक्षा इतके महाग पडत होते, की संसदीय समितीने मार्च 2013 मध्ये ॲपल, ॲडोबी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रतिनिधींना सुनावणीला बोलावले. डाउनलोड करायच्या वस्तूला ना जहाजाचे भाडे, ना गोदामाचे. जास्त भाव लावण्याचे कारण मग एकच उरते, ते म्हणजे तिथले लोक तो देतात. अशा भावाचे समर्थन मला करता येत नाही.

उलट बाजूचाही अनुभव आहे. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातील भाव फार कमी असल्याने बाहेरचे ग्राहकही तिथले खाते दाखवून खरेदी करू लागले होते. विनिमय दरातील चढउताराचे कारण देऊन नोव्हेंबर 2023 मध्ये या दोन्ही देशांचे व्यवहार डॉलरमध्ये नेण्यात आले, आणि त्याची झळ खरोखर तिथेच राहणाऱ्यांना बसली. व्हीपीएनचा खटाटोप मी सोडून दिला त्यात कार्डाच्या आकड्यांइतकाच या गोष्टीचाही वाटा आहे.

खरी अडचण देश बदललेल्यांची होते, कारण नूतनीकरणाच्या वेळी आपण आज कुठे राहतो यापेक्षा खाते कधीकाळी कुठे उघडले याला अधिक वजन मिळते. ॲपलच्या खात्याचा देश बदलायचा, तर आधी चालू सबस्क्रिप्शन रद्द करावी लागतात आणि शिल्लक रक्कम संपवावी लागते.

मी ग्राहक सेवेला भावातील फरकाचे कारण विचारले. ‘भाव बाजारपेठेनुसार ठरतात’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. तेव्हा आपोआप नूतनीकरण होण्याची सोय मी बंद केली. मुदत संपायला चार दिवस उरले असताना, ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून सवलतीची मेल आली. सवलत धरूनही रक्कम त्या दुसऱ्या देशाच्या भावापेक्षा जास्तच होती. तरी ती मी भरली.