बॅनर आणि कुटार

"म्याडम, कार्यक्रम आटोपला का हे बॅनर आमाले द्या, कुटार झाकाले कामी येते."

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातील एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, आजी कुटार (गुरांच्या चाऱ्याचा भुसा) झाकण्यासाठी आज असे म्हणाल्या आणि ‘प्लास्टिक टाळा’ असे छापलेल्या त्या फ्लेक्सकडे मी प्रथमच नीट पाहिले. तो पीव्हीसीचा, म्हणजे चक्क प्लास्टिकचाच होता. (राज्यात २०१८ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, हे मी तासाभरापूर्वीच त्यांना ठासून सांगितले होते.)

कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. ज्यांच्या अंगणात बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणले जातात, पळसाच्या पानांची पत्रावळ होते आणि फाटलेल्या लुगड्याची गोधडी शिवली जाते, त्यांना मी वस्तूंचा पुनर्वापर शिकवायला गेले होते. पोडावर कचराकुंडी दिसली नाही, याची नोंदही मी वहीत ‘उणीव’ म्हणून केली होती. कुंडीत टाकण्याजोगे तिथे फारसे काही नव्हते, हे परतताना माझ्याच पिशवीतल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पाहून लक्षात आले.

बॅनर अर्थातच देऊन आले. पुढच्या खेपेला बोलायचे कोणी, मी की आजींनी?