जेट मोठं केलं, पण हवा भलतीकडूनच शिरत होती

मागच्या नोंदीत माझ्या सायकलच्या इंजिनाचं मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, 0.70 मिमीचं 0.75 केल्याचं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते शब्द परत घेतो.

इंजिन तेच, सायकलला बसवायचं चिनी टू-स्ट्रोक किट. जाहिरातीत 80 सीसी म्हणतात, पण बोअर 47 मिमी आणि स्ट्रोक 38, म्हणजे हिशेबाने 66 सीसी. कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) एनटी प्रकारचा. त्यात फिरवायला फार काही नाहीच. बाहेरचा स्क्रू फक्त आयडलिंग कमीजास्त करतो, मिक्श्चरचा वेगळा स्क्रू नाही. उरतं काय, तर जेट आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या सुईची क्लिप. 25 सीसीच्या वरचं इंजिन लावलं की कायद्याने ते मोटार वाहन होतं, त्यामुळे सगळी चाचणी आमच्या शेतातल्या विहिरीपासून गोठ्यापर्यंतच्या 400 मीटर गाडीवाटेवर.

दुखणं असं होतं: अर्ध्या थ्रॉटलला प्लग पांढराफटक, आणि रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली यायचं नाही, वरच रेंगाळायचं. मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, हे उघड होतं, म्हणून जेट मोठं केलं. 0.05 मिमी म्हणजे काय एवढंसं, असं वाटतं. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे पेट्रोलची वाट जवळजवळ 15 टक्के रुंद झाली. परिणाम? फुल थ्रॉटलला प्लग काळा आणि ओला, म्हणजे तिथे आता पेट्रोल जास्त, इंजिन भर्र न करता टर्र-टर्र अडखळतंय. आणि अर्ध्या थ्रॉटलला प्लग अजूनही पांढराच!

मग सायकल गावातल्या आप्पांकडे नेली. कायनेटिकची लुना 1972 साली बाजारात आली, आणि आप्पांचे हात तिच्यावरच बसलेले. त्यांनी जेटकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि ऑइलकॅनमधून टू-टी तेलाचे चार थेंब कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या) सांध्यावर सोडले. आयडलिंग एकदम खाली आलं, शांत झालं. तेल आत ओढलं गेलं तसं पुन्हा वर.

"बघ. बारीक थ्रॉटलला ही तुझ्या कार्बोरेटरमधून कमी आणि या फटीतून जास्त श्वास घेते. जेट कशाला पोखरलंस रे?"

मला तिथे उमगलं. गळतीची हवा थोडीच असते, पण थ्रॉटल जितका कमी उघडा तितकी तीच मोठी होते. फुल थ्रॉटलला आत एवढी हवा जाते की ती फट कुणाच्या खिजगणतीत नाही. म्हणून एकाच इंजिनाचा प्लग एकीकडे पांढरा आणि दुसरीकडे काळा.

घरी येऊन मॅनिफोल्ड काढला. खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून त्याची फ्लँज, म्हणजे टेकणारी चपटी कड, घासली. पहिल्या चार फेऱ्यांत फक्त दोन्ही कानांवर चकाकी आली, मधला भाग तसाच काळपट. म्हणजे ती सपाट कधी नव्हतीच. पूर्ण चकाकेपर्यंत घासली, नवीन गॅस्केट कापलं, आणि कार्बोरेटर जिथे पाइपवर सरकतो तिथे सायकलच्या ट्यूबचं कडं बसवलं. रेस सोडताच इंजिन आता मुकाट्याने खाली येतं.

त्यानंतर खरं ट्यूनिंग. जेट सोल्डरने बुजवलं आणि पुन्हा 0.70 पाडलं. फुल थ्रॉटलला प्लग जरा जास्तच फिका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, त्याला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, तेव्हा हे व्हायचंच होतं. पुण्याच्या बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे पीसीबीला (सर्किट बोर्डला) भोकं पाडायचे बारीक ड्रिल मिळतात, तिथून 0.72 चा आणला. पिन व्हाइसमध्ये (बारीक ड्रिल पकडायच्या छोट्या मुठीत) धरून बोटांनीच फिरवला. मशीनवर लावायच्या भानगडीत पडू नका, पितळ मऊ असतं, भोक लांबट होतं. सुईची क्लिप मधल्या खाचेतून एक खाच वर घेतली, म्हणजे सुई खाली उतरली आणि मधल्या थ्रॉटलची गुरगुर गेली.

तेल लिटरला 40 मिली, म्हणजे 25:1, तसंच ठेवलंय. काही जण "तापतंय, तेल वाढव" म्हणतात. पण तेल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिक्श्चर उलट लीन होतं. तेल बदललं तर जेट पुन्हा तपासा.

400 मीटरला आधी 52 सेकंद लागायचे, आता 41. प्लग विटकरी. फक्त पहाटेच्या गारठ्यात चोक अर्धा ठेवल्याशिवाय पहिली दोन मिनिटं नखरे करते. पुढच्या खेपेला फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, उंची बघणार आहे.