वावरात परतणारे हात

लकवा मारलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी आणले की आमच्याकडच्या गावांत सगळ्यात आधी त्याच्या हातातले काम काढून घेतले जाते. सून म्हणते, "मामाजी, तुम्ही आता काहीच करू नका, आम्ही आहो ना", मुलगा घास भरवतो आणि नातू पायात चप्पल घालून देतो. यामागची माया खरी असते, आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत घरातले सगळे वावरात असताना एक माणूस घरी थांबून हे करतो, तेव्हा त्यासाठी बुडणारी मजुरीही खरी असते. तरीही एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठी उपचार करणारी म्हणून, मला हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते की मेंदूचा जो भाग शाबूत आहे तो हरवलेली हालचाल नव्याने शिकू शकतो, पण ती प्रत्यक्ष करूनच शिकतो, आणि त्यासाठी सर्वांत मोलाचे असलेले पहिले काही महिने आपण त्या माणसाला खाटेवर बसवून घालवतो.

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावांमध्ये काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. उपचाराचे उद्दिष्ट रुग्णाच्या स्वतःच्या दिवसातून यायला हवे. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत तो माणूस काय करत होता, त्यातले काय अडले आहे आणि त्याला सगळ्यात आधी काय परत हवे आहे, हे विचारल्याशिवाय मी हाताला हात लावत नाही. हात किती अंशांत वळतो हे मोजावेच लागते. पण वळलेल्या हाताने पाण्याचा गडवा तोंडाशी नेता येतो का, हा आमच्या विद्येचा खरा प्रश्न आहे.

उजव्या बाजूचा लकवा झालेल्या एका बाईंना मी सुरुवातीला स्पंजचा चेंडू दाबायला दिला होता. काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "मॅडम, चेंडू दाबून मी काय करू? मले सीतादहीले वावरात जाऊन कापूस येचाचा हाय." सीतादही म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीला वावरात होणारी पूजा. त्या दिवसापासून आम्ही वेचणीचेच तुकडे पाडायला घेतले. एका हाताने पऱ्हाटीची फांदी धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे उमललेल्या बोंडात घालायची, बोंडाची कडक टोके टोचू न देता आणि वाळलेला पाला चिकटू न देता कापूस ओढायचा, आणि मग बोटे उघडून तो कमरेच्या ओटीत सोडायचा. पाहणाऱ्याला ओढणे अवघड वाटते, पण लकव्यानंतर खरी अडचण सोडण्याची असते. बोटे मिटणारे स्नायू ताठर होतात आणि मूठ एकदा वळली की उघडता उघडत नाही. म्हणून आम्ही शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात केली. कोपरापासूनचा हात पाटावर टेकवून, मनगट किंचित वर उचललेले ठेवून, टोपल्यातला सुटा कापूस उचलायचा आणि शेजारच्या टोपल्यात सोडायचा. पुढे सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाटीतल्या, बोंडे शिल्लक असलेल्या काड्या रेती भरलेल्या बादलीत उभ्या केल्या आणि बसल्या बसल्या छातीच्या उंचीवर वेचणी सुरू झाली. उभे राहून वेचणे त्यानंतर आले आणि वाकून वेचणे सर्वांत शेवटी. उजव्या हाताची जाणीव कमी झालेली असल्यामुळे टोचलेले कळत नसे, तेव्हा दर थोड्या वेळाने बोटे डोळ्यांनी तपासण्याची सवयही लावावी लागली.

त्या बाई आज वेचणी करतात ती मुख्यतः डाव्या हाताने, आणि उजवा हात फांदी धरून ठेवतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने दुसऱ्याच्या वावरात जाणे त्यांना परवडत नाही, परंतु स्वतःच्या वावरात त्या हंगामभर असतात. हा निकाल मी अपुरा मानत नाही. लकव्याच्या घरांत दोन गोष्टी मात्र मी पहिल्याच भेटीत सांगते. रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये, कारण खांद्याचा सांधा त्याने निसटतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो. सदरा घालताना आधी लुळा हात घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा, म्हणजे बहुतेकांना थोड्या सरावाने स्वतःचे कपडे स्वतः घालता येतात.

हात आणि काम यांचे नाते विदर्भाला नवीन नाही. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले, पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले, आणि ज्यांना गावाने बाहेर काढले होते त्यांनी तिथे शेती केली, माग चालवले. बहुऔषधी उपचाराने कुष्ठरोगाचे जंतू मरतात, पण तोपर्यंत नसांना इजा झालेली असेल तर ती पुष्कळदा राहून जाते. कोपराच्या मागून जाणाऱ्या नसेला इजा झाली की करंगळी आणि अनामिका आत वळतात, आणि त्याहून घातक म्हणजे त्या भागाची जाणीव जाते. भाकर तव्यावरून हाताने उलटणारी बाई भाजते आणि तिला ते फोड दिसल्यावरच कळते. विळ्याची मूठ किती घट्ट धरली आहे हे न कळल्याने शेतकरी गरजेपेक्षा जास्त जोर लावतो आणि तळहाताला जखमा होतात. अशा माणसाला "काम करू नका" असे सांगणे सोपे आहे, पण ते त्याच्या पोटावर येते. त्याऐवजी विळ्याच्या आणि खुरप्याच्या मुठीवर जाड कापड किंवा सायकलची ट्यूब गुंडाळायची, चुलीपाशी चिमटा आणि लांब दांड्याचा उलथणा वापरायचा, चहा धातूच्या पेल्यात न घेता कानाच्या कपात घ्यायचा, काम करताना मधून मधून हात बदलायचा, आणि संध्याकाळी हात साध्या पाण्यात वीसेक मिनिटे भिजवून, कडक झालेली कातडी हलकेच घासून, वर तेल लावायचे. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन जाहीर केले, म्हणजे त्याचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. नवे रुग्ण मात्र आजही सापडतात, आणि जुन्या रुग्णांचे बधिर हात रोज चुलीपाशी असतात.

लहान मुलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भरवण्याची. जन्मताच न रडलेले, पुढे सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवरचा ताबा बिघडण्याचे) निदान झालेले मूल आई मांडीवर आडवे घेते, त्याची मान मागे पडलेली असते, आणि पातळ वरणभात वरून तोंडात सोडला जातो. तो श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो, आणि वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचे कारण पुष्कळदा इथेच सापडते. मुलाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चमचा समोरून आणि खालच्या बाजूने तोंडाशी आणला तर तेच मूल कमी ठसकते. गावातल्या सुताराकडून कोपऱ्याच्या आकाराची, पुढे पाट बसवलेली छोटी खुर्ची करून घेतली की मुलाचे दोन्ही हात मोकळे होतात आणि ते समोरचा मुरमुरा उचलू लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून अंगणवाडीत आणि शाळेत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवले जाते. तपासणीची ही सोय चांगली आहे. परंतु रोजंदारी बुडवून, मूल कडेवर घेऊन, एसटीच्या दोन गाड्या बदलून आठवड्यातून एकदा जिल्ह्याला या, असे कोणत्या आईला सांगायचे? आशाताई आणि अंगणवाडी ताई यांना भरवण्याची आणि बसवण्याची योग्य रीत दाखवून ठेवल्याने जे साधते, ते महिन्यातून एकदा होणाऱ्या माझ्या भेटीने साधत नाही.

सिकलसेलचे रुग्ण इथे अनेक घरांत आहेत, विशेषतः आदिवासी पट्ट्यांत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या एकवीस प्रकारांना मान्यता दिली त्यात या आजाराचाही समावेश आहे. वरून धडधाकट दिसणारा तरुण दुपारी वावरातून घरी येऊन झोपतो, तेव्हा त्याला आळशी म्हटले जाते, याचा मला अतिशय त्रास होतो. रक्तपेशींचा आकार विळ्यासारखा होऊन बारीक रक्तवाहिन्या अडतात, त्यातून वेदना उठतात, आणि काहींच्या खुब्याच्या हाडाला रक्त न मिळाल्याने ते झिजू लागते. अशांसाठी कामाची वाटणी करणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो: जड काम सकाळी उन्हाआधी, सोबत पाण्याची कॅन आणि तहान लागायच्या आधी पाणी, थंडीत पहाटेचे ओलीत दुसऱ्याकडे, आणि निंदणासारखी उकिडव्याने करायची कामे टाळून बसक्या स्टुलावर करता येतील अशी कामे.

उकिडवे बसणे हा आमच्या इथे सर्वच रुग्णांचा प्रश्न आहे. पुस्तकांतले रुग्ण खुर्चीवर बसतात आणि टेबलावर जेवतात. आमचे रुग्ण जमिनीवर जेवतात, जमिनीवर झोपतात, आणि संडासाला उकिडवे बसतात. म्हणून जमिनीवरून उठणे हे मी वृद्धांना, लकव्याच्या रुग्णांना आणि खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्या घरच्याच ओसरीवर तपासून पाहते. ज्यांच्या शल्यचिकित्सकाने उकिडवे बसण्यास मनाई केली आहे, त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या जाड खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून ती भांड्यावर ठेवता येते, मात्र तिचे पाय घसरू नयेत अशी व्यवस्था करून आणि कोणाला तरी आधी बसवून पाहूनच.

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांविषयी स्वतंत्रपणे लिहीन. इतकेच नोंदवते की महिनोन्महिने ओसरीवर बसून राहिलेल्या मुलाकडे बकरीला रोज ठरलेल्या वेळी चारा घालण्याचे काम सोपवणे, हा औषधांच्या सोबतीने करायचा गंभीर उपचार आहे.

अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्या झालेल्या कमलाताई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विद्येचे शिक्षण सुरू केले. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही ते मिळते, आणि तरी तालुक्याच्या गावी ऑक्युपेशनल थेरपिस्ट क्वचितच दिसतो. जोवर तालुक्याला ही जागा भरली जात नाही, तोवर तुम्हालाच जिल्ह्याला जावे लागणार आहे. जाताना केवळ एक्स-रे आणि कागदांची पिशवी नेऊ नका. घराचा उंबरठा, न्हाणी, संडासाच्या पायऱ्या, माणूस झोपतो ती खाट आणि जेवायला बसतो ती जागा यांचे मोबाइलवर फोटो काढा, तो जे अवजार रोज वापरतो ते जमल्यास सोबत घ्या, आणि त्याला कोणते काम परत हवे आहे हे घरून निघण्याआधी त्यालाच विचारा.