तुम्ही विचारलंत म्हणून: साइटची रेती संगणकात टाकता येते का?

"मॅडम, तुमच्याकडे सॉफ्टवेअर आहे ना? मग आमच्या साइटची रेती त्यात टाका आणि सांगा, भूकंपात भराव टिकेल का." कफ परेड असो की बांद्रा रेक्लमेशन, समुद्र हटवून वसलेल्या या शहरात हा प्रश्न रास्तच आहे. पण "नाही" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मग एवढी वर्षं करता काय?" म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी हिशोब. ०.२ मिमी व्यासाचे दाणे धरले, तर एका घनसेंटिमीटरमध्ये जवळपास दीड लाख मावतात. ३८ मिमी व्यासाच्या आणि ७६ मिमी उंचीच्या ट्रायॲक्सियल नमुन्यात (चहूबाजूंनी दाब देऊन वरून दाबतात ती रेतीच्या ताकदीची चाचणी) सव्वा कोटी. कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या डीईएम (डिस्क्रीट एलिमेंट मेथड) पद्धतीत संगणकातला प्रत्येक दाणा सुटा असतो आणि दाण्यांच्या प्रत्येक संपर्कावरचं बल वेळेच्या प्रत्येक छोट्या पावलाला नव्याने काढावं लागतं. क्वार्ट्झचा, म्हणजे रेतीतल्या खनिजाचा, खरा कडकपणा ठेवला, तर हे पाऊल सेकंदाच्या पाच कोटीव्या भागाएवढं येतं. म्हणून लॅबमध्ये तासभर चालणारी चाचणी आम्ही सात शतांश सेकंदात उरकतो, आणि तेवढ्यालाही पस्तीस लाख पावलं लागतात. याहून घाई केली तर दाणे आदळायला लागतात आणि ताकद रेतीची न राहता वेगाची मोजली जाते. आता सांगा, तुमचा प्लॉट कुठे टाकू?

"तुम्ही आकडे जुळवता" हा आरोपही मला मान्य आहे, अर्धा. दाणे गोळे धरले की ते घरंगळतात. घर्षण गुणांक ०.५ वरून १ केला, तरी घर्षणकोन (रेतीच्या ताकदीचं अंशांतलं माप) विशी ओलांडून फारसा पुढे जात नाही. खाणीतल्या बेसॉल्टची टोकदार क्रश सँड त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून घरंगळण्याला रोध घालतो. हा आकडा कुठल्याही दाण्यावर मोजता येत नाही, जुळवावाच लागतो.

पण मला जो धडा बसला तो यातून नाही. तो एका जुळलेल्या आलेखातून बसला.

साच्यात कोरडी ओतून, हलक्या टिचक्या मारून घट्ट केलेली रेती होती. तिचं पोकळी-गुणोत्तर (दाण्यांच्या घनफळाच्या मानाने मधली पोकळी किती) संगणकात हुबेहूब आणलं, १०० किलोपास्कल दाब दिला, पाण्याचा निचरा होऊ दिला. लॅबचा आणि संगणकाचा, दोन्ही वक्र एकमेकांवर बसले. मग तेच आकडे घेऊन पाणी कोंडलेली, भूकंपासारखा मागेपुढे ताण देणारी चाचणी केली. संगणकात पाणी नसतं, घनफळ स्थिर धरायचं आणि दाण्यांमधला दाब उतरताना बघायचा. लॅबमधला नमुना द्रवासारखा झाला, तेव्हा आमचा खुशाल उभा होता. पुढेही कितीतरी आवर्तनं उभा राहिला. म्हणजे चूक धोक्याच्या बाजूची.

पाऊल निम्मं केलं. दाणे चौपट केले. डॅम्पिंग (दाण्यांची थरथर शमवणारा हिशोबातला रोध) उतरवलं. घरंगळण्याचा रोध बदलला, तर आधी जुळलेला वक्रच बिघडला. दोष चाचणीत नव्हताच, नमुना बनवण्यात होता. घर्षण ठेवून दाबलं तर दाणे लवकर अडकतात आणि नमुना सैल राहतो. म्हणून दाबताना ते जवळजवळ शून्यावर आणायचं आणि मग ०.५ करायचं, हा सर्रास रिवाज आहे. पण घर्षण नसलेल्या गोळ्यांना स्थिर राहायला सरासरी सहा संपर्क लागतात; घर्षण असेल तर चारही पुरतात. टिचक्या मारून बसलेल्या रेतीत बरेच दाणे पोकळीत नुसते पडून असतात, भार घेतच नाहीत. पोकळी-गुणोत्तर तेच, सांगाडा वेगळा. नमुना खूप दबला-वाकला की हा फरक पुसला जातो, म्हणून पहिला वक्र जुळला होता. बारीक आवर्तनांत सगळं त्याच फरकावर चालतं.

घर्षण ठेवून, थरथर देऊन नमुना पुन्हा बनवला आणि त्यातला कर्तन-लहरीचा (दाण्यांना आडवं हलवत जाणारी लहर; तिच्या वेगावरून सांगाडा कळतो) वेग लॅबच्या वेगाशी ताडला. संपर्क कमी झाले, नमुना लवकर ढासळला. लॅबच्या जवळ आला. पूर्ण नाही.

"घनता द्या, बाकीचं आम्ही बघू," असं मी सर्रास सांगायचे. ते वाक्य परत घेते. पण तेव्हाची मी अगदीच चूक होते असंही म्हणवत नाही, कारण लॅबमध्ये दाब उतरलेला दिसतो, कुठला संपर्क आधी सुटला ते संगणकात दिसतं.

म्हणून तुम्ही विचारलंत की मीही विचारते: साइटवर खणलेल्या बोअरमध्ये कर्तन-लहरीचा वेग मोजलाय का? रेती ड्रेजरने पाण्यातून सोडली, की डंपरने आणून रोलरने दाबली? पाण्यातून बसलेली रेती टिचक्यांनी बसवलेल्या रेतीसारखी नसते, तेव्हा तो जुळत आलेला नमुनाही तुमच्या जमिनीचा नव्हेच. सध्या दाणे वरून सोडून, संथ बसवून नमुना करतेय. पडताना पाण्याचा रोध धरायचा की नाही, हे अजून ठरत नाहीये. धरला तर हिशोबाचा वेळ कितीतरी पटींनी वाढतो, आणि सोडून दिला तर सांगाडा पुन्हा वेगळा येण्याची भीती आहे.