शिंगं आधी की पाय आधी

आबाजींच्या लाकडी बैलाचा व्हिडिओ करायला त्यांच्या शेडमध्ये पहिल्यांदा फोन लावला, तेव्हा स्क्रीनवर काळपट पट्टे वरून खाली सरकत होते. आबाजी रंधा मारत होते, सागवानाची साल गोल गोल होऊन पायाशी पडत होती. माझ्या डोळ्यांना सगळं छान दिसत होतं, पण व्हिडिओत पट्टेच पट्टे. फोन बंद करून सुरू केला, लेन्स ओढणीने पुसली, तरी पट्टे तसेच.

दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग कारण कळलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन ऑटोवर असला की शटरचा वेग स्वतःच ठरवतो आणि तो वेग त्या शंभराशी जुळला नाही की पट्टे येतात. मी ओपन कॅमेरा नावाचं मोफत ॲप घेतलं, शटर हाताने १/१०० सेकंदावर ठेवलं आणि पट्टे गायब झाले. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की शेडमधून पळत जाऊन स्वयंपाकघरात आजीला सांगितलं. आजी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बरं झालं माय. आता चहा ने त्याह्यले."

मी आता बारावी सायन्सला आहे. राहायला नागपुरात नंदनवनला, आणि आबाजी म्हणजे आईचे वडील महाल भागात. व्हिडिओचा नाद लागला २०२० मध्ये. मी सातवीत होते, शाळा फोनवर भरायची, म्हणून फोन पहिल्यांदा दिवसभर माझ्या हातात आला. तास संपला की मी कणकेच्या गोळ्याचा उंदीर करायचे आणि तो थोडा थोडा सरकवत फोटो काढायचे. एका सेकंदाला बारा फोटो. उंदीर ओट्यावरून डब्यापर्यंत जायला एक दुपार लागायची आणि बघायला आठ सेकंद. बाबांनी तेव्हा मला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपून महिनाभरात एक छोटा चित्रपट केला. भारतात पहिला मोठा कथापट करणाऱ्या माणसाने आधी घरात बसून वाटाण्याचं रोप टिपलं होतं, हे ऐकून मला फार धीर आला. मीही तेच तर करत होते.

मग मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, कॉलनीच्या गणपतीचा व्हिडिओ. किनेमास्टर ॲपमध्ये करायचे, कोपऱ्यात वॉटरमार्क यायचा. सगळे "छान" म्हणायचे. पण ते सगळं दुसऱ्याच्या कार्यक्रमाचं होतं. मला माझ्या मनातली एक गोष्ट अथपासून इतिपर्यंत करून बघायची होती.

ती संधी गेल्या श्रावणात आली. मामाची लेक तीन वर्षांची झाली होती आणि तान्ह्या पोळ्याला तिचा स्वतःचा बैल हवा होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून आणतात, घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरच्या रघुजीराजे भोसले दुसरे यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं आमच्याकडे सांगतात. त्याच दिवशी शहरात मारबती, म्हणजे ईडा-पीडेचे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा ओरडा रस्ताभर चालतो. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, मारबतीचा व्हिडिओ कर, गर्दी आहे, रंग आहे. मला आबाजींचा बैल करायचा होता. त्यांनी चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या. आता हात थोडे थरथरतात म्हणून मोठं काम घेत नाहीत. वर्षातून एखादा बैल करतात, तोही घरच्या मुलांसाठी.

आईने अट घातली: रोज रात्री नऊ ते साडेदहा, त्याच्या पुढे नाही, आणि युनिट टेस्टचे मार्क घसरले तर बंद. मी कबूल केलं आणि ते पाळलं.

शूटिंगला रोज क्लासनंतर महालात जायचे. पट्ट्यांचा प्रश्न सुटला तोवर पाऊस सुरू झाला. शेडवर टिन आहे. पाऊस पडला की आतल्या माणसाला शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. आबाजी सांगत होते की बैलाचा चेहरा करताना लाकडाची शीर कुठे जाते ते आधी पाहावं लागतं, नाहीतर कान तुटतो. इतकं महत्त्वाचं बोलणं, आणि माझ्या फोनमध्ये फक्त ताड ताड ताड. मी म्हटलं, "आबाजी, पाऊस थांबला की परत सांगाल का?" ते म्हणाले, "पाऊस थांबते तवा थांबते बाई. लाकूड ओलं व्हाच्या आत मले काम उरकू दे."

मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन साधा कॉलर माइक आणला, बाबांचा जुना फोन घेतला आणि तो माइकसकट आबाजींच्या बंडीच्या खिशात ठेवला. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आला की पाऊस मागे जातो आणि आवाज पुढे येतो. चित्र एका फोनवर आणि आवाज दुसऱ्यावर, म्हणून दोन्ही जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवायची. एडिट करताना आवाजाच्या रेषेत टाळीचा सुळका दिसतो, तो टाळीच्या चित्राखाली आणून ठेवला की झालं. आबाजींना ही टाळी फार आवडली. नंतर नंतर मी विसरले तरी तेच वाजवायचे.

पण जुळवलेला आवाज दहा-बारा मिनिटांच्या क्लिपमध्ये शेवटी सरकायचा. ओठ आधी हलायचे, शब्द नंतर. फोन व्हिडिओ घेताना सेकंदाला नेमक्या तीस फ्रेम धरत नाही, उजेड आणि प्रोसेसरप्रमाणे कमी-जास्त करतो. डोळ्यांना फरक पडत नाही, एडिटिंगला पडतो. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्लिप आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये बदलून घेतली, तेव्हा आवाज जागेवर बसला. कोणी वेगळा आवाज रेकॉर्ड करणार असेल तर हे आधीच करून घ्या, माझे चार दिवस गेले.

एडिटिंगला बाबांचा जुना लॅपटॉप होता, ४ जीबी रॅमचा. डाविंची रिझॉल्व्ह त्यावर उघडलंही नाही. शॉटकट चाललं. ते मोफत आहे आणि वॉटरमार्क नाही. त्यात प्रॉक्सी सुरू केली, म्हणजे काम करताना ते प्रत्येक क्लिपची छोटी, हलकी नक्कल वापरतो आणि शेवटी मूळ क्लिप लावतो.

पहिला एडिट झाला एकोणीस मिनिटांचा. मला प्रत्येक शॉट जवळचा होता, एकही सोडवेना. खाली बासरी लावली होती. मावशीने पाचव्या मिनिटाला फोन हातात घेतला. मला वाईट वाटलं, पण मी तिच्याकडे बघत राहिले, कुठे तिचं लक्ष सुटलं ते वहीत लिहिलं. ते लिहिणं फार कामी आलं. दुसरा एडिट चार मिनिटांचा. भराभर कट, पटाशी, ठोका, भुसा, शिंग, डोळा, पाय, आणि शेवटी उभा बैल. मावशीला आवडला, मामाला आवडला. मी तो आबाजींना दाखवायला नेला.

आबाजींनी चष्मा लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला. एकदा पाहिला. परत पाहिला. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय केलं तू? शिंगं बसोल्यावर पाय कोन तासते?"

मी म्हटलं, "आबाजी, ते दिसायला छान वाटतं म्हणून आधी घेतलंय."

"दिसाले छान," ते म्हणाले, "पन पायावर एक ठोका बसला का शिंग निखळते. उद्या एखादं पोट्टं हे पाहून बैल कराले बसलं त त्याचा बैल मोडन. अन् लोकं म्हनतीन, या म्हाताऱ्याले काम येत नाही."

मला त्यावर काही बोलताच आलं नाही. मी कुठेतरी वाचलं होतं की रशियाच्या लेव कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या चेहऱ्यापुढे वेगवेगळे शॉट जोडून दाखवले आणि बघणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसले. कटमुळे अर्थ बदलतो, हे मला पाठ होतं. पण कटमुळे माणसाच्या हातातलं कौशल्य खोटं ठरू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षं ज्यांनी एकही सांधा आधी-नंतर केला नाही, त्यांच्या कामाचा क्रम मी बासरीच्या तालावर बदलला होता.

त्या रात्री मी वहीत बैल कसा होतो ते ओळीने लिहिलं आणि आबाजींना फोनवर वाचून दाखवलं. आधी ओंडक्यातून धड. मग चारही पाय, धडाला जोडून, तासून, सारखे करून. मग मान आणि चेहरा. पाट आणि चाकं. पॉलिश पेपर. शिंगं आणि कान सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात नाजूक. आबाजी फोनवर "हौ, हौ" करत होते.

तिसरा एडिट या क्रमाने करायला बसले आणि पाय तासण्याच्या क्लिपच उघडेनात. अकराच्या अकरा. मेमरी कार्ड एका दुकानातून स्वस्तात घेतलं होतं, वर १२८ जीबी लिहिलेलं. नंतर एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या प्रोग्रामने तपासलं, तर आत जेमतेम १६ जीबी होते. अशी कार्डं फोनला मोठी जागा दाखवतात, आणि खरी जागा संपली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला उरतात किंवा आधीच्या फाइलींवरच लिहिल्या जातात. नवं कार्ड घेतलं की आधी ते पूर्ण भरून तपासायचं, हे मी आता प्रत्येकाला सांगते. दुकानदार म्हणाला, वापरलेलं कार्ड परत होत नाही. मी रस्त्यातच रडले.

बैल तर तयार झाला होता. त्याचे पाय परत कसे तासणार? आबाजींना सांगितलं. त्यांनी शेडच्या कोपऱ्यातून सागवानाचा दुसरा तुकडा काढला, हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "त्या दिवशी कोनती बंडी होती माह्या अंगावर?"

खिशाला शाईचा डाग असलेली. आजीने ती बादलीतून काढून पिळून दिली, ओलीच घालून ते बसले. मी शटर १/१०० वर ठेवलं. आबाजींनी टाळी वाजवली. त्यांनी दुसरं धड तासलं, त्याला दोन पाय जोडले, आणि मी या वेळी जवळून घेतलं. पटाशी लाकडात जाताना त्यांचा थरथरणारा अंगठा पटाशीच्या पाठीवर टेकतो आणि थरथर थांबते. हे मला आधी दिसलंच नव्हतं. हरवलेल्या अकरा क्लिपमध्ये ते होतं की नाही, मला आठवत नाही. नव्या क्लिपमध्ये आहे, बारा सेकंद, आणि त्यावर मी एकही कट मारला नाही.

बासरी काढून टाकली. तिच्या जागी रंध्याचा आवाज, ठोके आणि टिनावरचा पाऊस. जो पाऊस मला नको होता तोच आता सगळ्या शॉटखाली एकसारखा पसरला होता, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशीचे तुकडे एकाच दुपारचे वाटायला लागले. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या एक-दोन सेकंद आधी सुरू केला की कट जाणवत नाही, हेही मी याच एडिटमध्ये शिकले. सगळं मिळून सात मिनिटं झाली. आबाजींनी पाहिला आणि फक्त म्हणाले, "हां. आता बैल झाला."

चौथा एडिट म्हणजे शेवटच्या वीस सेकंदांचा. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी छोटीने बैलाला दोरी बांधून गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर ओढत नेलं. गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर आजीने शिवलेली झूल. डावं चाक दर फेऱ्याला कुईं करत होतं. आबाजी लगेच तेलाची कुपी घेऊन उठले. मी धावत पुढे गेले आणि म्हटलं, "आबाजी, थांबा, आत्ता नका घालू तेल. मला आवाज घेऊ द्या."

ते थांबले. कुपी हातात धरून दारातच उभे राहिले आणि छोटी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी माइक चाकाजवळ धरून तिच्यामागे वाकून चालत गेले. व्हिडिओ त्याच आवाजावर संपतो.

दोन पायांचा दुसरा बैल माझ्या टेबलावर आहे, लॅपटॉपच्या शेजारी. आबाजी म्हणतात, बारावी झाली की उरलेले दोन पाय तू तास, मी व्हिडिओ काढतो.