खानापूर ते अथणी, पण आफ्रिकेत

एस्वातिनी म्हणजे २०१८ पर्यंतचं स्वाझीलँड. क्षेत्रफळ १७,३६४ चौरस किलोमीटर. आपला बेळगाव जिल्हा १३,४१५. उतारही आपल्यासारखाच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. राजधानी म्बाबानेच्या बाजूला जांबोटीसारखे धुक्यातले डोंगर, तर पूर्वेला सिमुन्ये, बिग बेंडकडे अथणी-रायबागसारखा ऊस आणि ऊन. फक्त म्बाबाने सुमारे १,२०० मीटरवर आणि शंभरेक किलोमीटरवरचा उसाचा पट्टा दोन-चारशे मीटरवर, त्यामुळे स्वेटर आणि सुती शर्ट दोन्ही एकाच दिवसात लागतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्यातून डर्बनला जाताना बरेच जण हा देश एका दिवसात ओलांडतात. तो दिवस वाया जातो. निदान तीन रात्री ठेवा, त्यातली एक ह्लाने अभयारण्यात. तिथल्या न्दलोवू कॅम्पमध्ये वीज नाही, कंदिलावर राहायचं. फोन, कॅमेरा आधीच चार्ज करा. सिंहांच्या भागात स्वतःची गाडी नेता येत नाही, गाइडची फेरी घ्यावी लागते. म्लिल्वाने अभयारण्यात मात्र मोठी शिकारी जनावरं नसल्याने पायी फिरता येतं.

गोंधळ होतो तो कागदांचा. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच मागा, नाहीतर परतीच्या विमानासाठी जोहान्सबर्गला शिरणार कसे? भाड्याच्या गाडीला सीमापार नेण्याचं कंपनीचं पत्र लागतं. ते आयत्या वेळी मिळत नाही. जोहान्सबर्गहून न्ग्वेन्याचा सीमेवरचा नाका साधारण साडेतीनशे किलोमीटर, आणि तो चोवीस तास उघडा नसतो. सकाळीच निघा. अंधारात रस्त्यावर गुरं असतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्बाबानेहून खाली उतरताना चोर्ला घाटासारखंच: ब्रेक दाबून न ठेवता गिअर खाली घ्या.

इथलं चलन लिलांगेनी आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक. रँड इथे चालतो, लिलांगेनी दक्षिण आफ्रिकेत चालत नाही, म्हणून सुटे इथेच संपवा. प्लगसाठी वेगळा शोध नको, आपली गिझरची मोठी त्रिपिन बसते. मोबाईलच्या चार्जरसाठी सहा ते सोळा अँपिअरचा कन्व्हर्टर घ्या.

मे महिन्याची सुट्टी उत्तम. तिकडे पाऊस सरलेला असतो, गवत वाळतं, जनावरं पाणवठ्यावर येतात. पूर्वेकडच्या सखल भागात थोडा मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. शाकाहाऱ्यांचे हाल होतील असं वाटतं खरं, पण ज्वारीचा भरडा आंबट दुधात कालवून खाणारी माणसं आहेत ती. गोकाककडच्या माणसाला परकं वाटणार नाही.